उजनीच्या पाणीसाठ्याबरोबर वाराही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात उजनी धरणाची पातळी, उपयुक्त साठा, टक्केवारी आणि विसर्ग एका चौकटीत रोज येतो. सोलापूरकर ती चौकट सोन्याच्या भावाआधी वाचतो. प्यायचे पाणी, ऊस, पंढरीची चंद्रभागा, सगळे त्या आकड्यांवर अवलंबून आहे. त्याच चौकटीत एक ओळ वाढवावी, ही आमची विनंती आहे : दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा, सरासरी वेग आणि मधूनच येणाऱ्या झोताचा वेग. एका ओळीसाठी एवढे लांब पत्र कशाला, असे वाटेल. पण वल्ह्याची बोट घेऊन धरणाच्या फुगवट्यावर दोन-तीन दिवस मुक्कामी जाण्याचा छंद आता आपल्या जिल्ह्यात रुजतो आहे, आणि त्यातले बरे-वाईट सगळे वाऱ्यापाशी येऊन थांबते.

आधी आनंदाचे सांगतो. दिवाळी सरली की उजनी बहुतेक वर्षी भरलेली असते, आभाळ निवळलेले असते आणि पहाटे सहापासून दहापर्यंत पाणी आरशासारखे पडलेले असते. इंजिनाची बोट आली की पट्टकादंब या हिवाळी पाहुण्या हंसांचा थवा लांबूनच उठतो. वल्ह्याची बोट गुपचूप चालली तर ते मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. दोघे आणि सामान घेतलेली कॅनो, म्हणजे आमची वल्ह्याची बोट, जेमतेम दहा-पंधरा सेंटीमीटर पाण्यात बुडते. त्यामुळे केत्तूर, वाशिंबे, कुगाव या बाजूच्या उथळ खाड्यांत, जिथे मोठ्या बोटी टेकतात, तिथेही ती सरकते. खाली कुणाची तरी शेते, बांध, विहिरी आहेत. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणासाठी ती गावे उठली. तिथून जाताना आवाज आपसूक खाली येतो.

कॅनो म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, लांबट बोट. साधारण सोळा-सतरा फूट लांब, मध्ये तीन फुटांच्या आत-बाहेर रुंद. वल्हे बोटीला जोडलेले नसते, हातात मोकळे असते, आणि बसणाऱ्याचे तोंड जायच्या दिशेला असते. आपल्याकडे नदी ओलांडायला गुळाची काहील वापरत, ती गोल असल्यामुळे जागीच फिरत राहते. कॅनोची लांबी तिला सरळ ठेवते. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी बर्च झाडाच्या सालीपासून ती घडवली. अमेरिकेतल्या मिनेसोटातील बाउंड्री वॉटर्स आणि कॅनडातील अल्गॉनक्विन या तळ्यांच्या रानांत आजही लोक आठवडा-आठवडा तिच्यावर राहतात. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना ती डोक्यावर घेऊन चालतात. मधल्या आडव्या पट्टीला खांद्यापुरती खाच असते, तिला तिकडेही जूच म्हणतात. हे उचलण्याचे अंतर बाउंड्री वॉटर्समध्ये ‘रॉड’मध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, म्हणजे जवळपास एका कॅनोच्या लांबीएवढा. तिथे एका गटात नऊपेक्षा जास्त माणसे आणि चारपेक्षा जास्त बोटी चालत नाहीत, आणि डबाबंद अन्न व काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. हे नियम आपण उजनीवर आपणहून पाळावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता वाऱ्याकडे येतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. शिवाय लाट किती उंच होणार हे वारा उघड्या पाण्यावरून किती लांब धावत आला यावर ठरते. नदीच्या पात्रात जो वारा नुसत्या सुरकुत्या पाडतो, तोच फुगवट्याच्या रुंद भागात काही किलोमीटर धावून आला की बोटीच्या काठावरून पाणी आत टाकतो. ज्या काठावरून वारा सुटतो त्या काठाला पाणी शांत दिसते, हा सगळ्यात फसवा भाग. तिथे उभे राहून ‘आज तर काहीच नाही’ म्हणून निघालेला माणूस मध्यावर पोचेपर्यंत लाटांत सापडतो, आणि तेव्हा वारा पाठीमागून असल्यामुळे परत फिरणेही अवघड होते. आमचा हिशोब सरळ आहे. ताशी १२ किलोमीटरपर्यंत वारा असेल तर नवख्यानेही जावे. १२ ते २० मध्ये लाटांच्या डोक्यावर कुठे-कुठे पांढरा फेस दिसू लागतो. मग फक्त काठाने, पन्नास-शंभर मीटरच्या आत. २० च्या वर गेला आणि फेस सगळीकडे दिसू लागला की भरलेली कॅनो पाण्यात असताच कामा नये. सरासरी १२ आणि झोत ३० असा दिवस २० च्या दिवसापेक्षा वाईट, म्हणून झोताचा आकडा वेगळा छापायला हवा.

दोघांची भरलेली कॅनो शांत पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटर जाते. समोरून वारा आला तर निम्मी. दोन किलोमीटरचे पाणी सरळ ओलांडायला जवळपास अर्धा तास लागतो आणि अर्ध्या तासात वारा सहज उठतो. म्हणून आडवे पाणी ओलांडायचे तर सकाळी पहिल्या दोन तासांत. अकराच्या आत तंबूच्या जागी पोचायचे. दुपार जेवण, झोप आणि पक्षी बघण्यासाठी. नवख्यांनी दिवसाला दहा-बारा किलोमीटरपेक्षा जास्त आखणी करू नये.

बोटीत वजन कुठे ठेवायचे, हेही वाराच ठरवतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. बोटीचे जे टोक हलके आणि वर उचललेले असते ते वारा ढकलतो; जड टोक पाण्यात रुतून राहते. मग छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटासारखी बोट फिरते. वारा समोरून असेल तर पुढचे टोक किंचित जड हवे, पाठीमागून असेल तर मागचे. एरवी सपाट. पाण्याचे जार हे यासाठी उत्तम साधन, कारण लिटरला किलो हा हिशोब पक्का असतो आणि जार पायाने पुढे-मागे सरकवता येतो. एकटा माणूस मागच्या सीटवर बसला की पुढचे टोक हवेत जाते आणि वारा बोटीला भोवऱ्यासारखी फिरवतो. एकट्याने जायची वेळ आलीच तर पुढच्या सीटवर उलटे, मागे तोंड करून बसावे. कॅनोची दोन्ही टोके सारखी असल्यामुळे बोट उलटी चालवता येते आणि वजन मध्याकडे येते. लाटा वाढल्या की सीटवरून उतरून गुडघ्यांवर बसायचे. वजन एक वीतभर खाली जाते, तेवढ्याने डुलणे बरेच कमी होते. भरून झाल्यावर काठ पाण्याच्या वर निदान वीतभर राहिला पाहिजे. राहत नसेल तर सामान जास्त आहे, दुसरे काही नाही.

भरायची ती पाण्यात तरंगत असताना, काठाला समांतर उभी करून. वाळूवर भरून मग ढकलली की तळ घासतो आणि मधोमध वाकतो. चढताना एक हात एका काठावर, दुसरा दुसऱ्या काठावर, पाय अगदी मध्यरेषेवर. दोघांनी एकाच वेळी कधीही हलायचे नाही. मागचा वल्हेकरी दिशा धरतो. नुसते मागे ओढत राहिले तर बोट दुसऱ्या बाजूला वळते, म्हणून लोक सारखी बाजू बदलतात आणि दमतात. त्यावर उपाय असा : वल्हे कमरेपाशी आले की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा, पाते बोटीला समांतर होते, मग ते हलकेच बाहेर ढकलायचे. ताकद पाठीतून आणि धडाच्या पिळातून आली पाहिजे. दंडाने ओढणारा तासाभरात थांबतो. दोन माणसांमागे तीन वल्ही न्यायची, कारण एक वाहून जाण्याची शक्यता कायम असते.

आपल्याकडे खरी कॅनो सहज मिळत नाही, म्हणून बहुतेक जण हवा भरायची कयाक ही छोटी वल्ह्याची बोट घेतात. तिच्यात वाईट काही नाही, पण ती हलकी आणि पाण्यावर उंच बसणारी असल्यामुळे वाऱ्याच्या ताब्यात लवकर जाते. खाली बसवायचा माशाच्या परासारखा तुकडा (फिन) घरी विसरू नका. त्याच्याशिवाय ती सरळ जातच नाही. पाण्यात उतरल्यावर थंडाव्याने आतली हवा आकसते आणि बोट मऊ पडते, तेव्हा दोन-चार पंप मारावे लागतात. उलट दुपारी काठावर उन्हात ठेवली तर हवा फुगून शिवण सुटू शकते. काठावर आल्यावर थोडी हवा सोडून सावलीत ठेवायची.

उलटण्याची तयारी घरूनच करायची. लाइफ जॅकेट अंगात आणि सगळे पट्टे आवळलेले. खांद्यांना धरून वर ओढले आणि ते हनुवटीच्या वर गेले तर ते सैल आहे, पाण्यात निघून जाणार. सीटखाली ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही, हे कुठल्याही पट्टीच्या पोहणाऱ्याने पोहण्याच्या तलावात घालून बघावे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कळाशी आणि कुगावच्या मधल्या पाण्यात प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती माणसे छंदासाठी निघाली नव्हती. काठावरच्या गावांसाठी बोट हाच जवळचा रस्ता आहे. वाऱ्याची ओळ त्यांच्यासाठी आमच्यापेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

बोट उलटली तर ती सोडायची नाही. पाण्यातून काठ नेहमी जवळ भासतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला राहून धरायचे, नाहीतर लाट बोट अंगावर आणते. सोबत दुसरी बोट असेल तर उलटलेली कॅनो पालथी करून त्या दुसऱ्या बोटीच्या काठांवर आडवी ओढून घेतात, पाणी निथळते, मग सुलटी करून परत पाण्यात सरकवतात. हे सरावाने दोन-तीन मिनिटांत होते, सरावाशिवाय होतच नाही. म्हणून किमान दोन बोटी. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी, बोटीला पुढे-मागे चार-पाच मीटरचा तरंगणारा दोर, आणि पाणी उपसायला कापलेला पाच लिटरचा कॅन.

काही धोके अमेरिका-कॅनडाच्या रानात नाहीत, फक्त आपल्याकडे आहेत. काठालगत शेतकऱ्यांच्या विजेच्या मोटारी असतात, तरंगत्या पिंपांवर, आणि त्यांच्या केबली पाण्यातून जातात. वेष्टण कुठे सोललेले असेल ते दिसत नाही. दम खायला पाइपला किंवा पिंपाला हात लावायचा नाही, जवळपास पोहायचे नाही, त्यांच्या बाहेरच्या बाजूने जायचे. मच्छीमारांची जाळी बाटल्यांच्या किंवा थर्माकोलच्या खुणांवरून ओळखता येते. ओलांडावेच लागले तर दोन खुणांच्या मध्यावरून वल्हे वर उचलून जायचे. वल्ह्यात अडकलेले जाळे कापणे म्हणजे कुणाची तरी रोजी कापणे. जलपर्णी पसरली असेल तर तिच्यातून वाट काढू नका. वारा फिरला की ती मागे मिटते.

फेब्रुवारीपासून पाणी मागे हटू लागते आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला. खाली मांडीपर्यंत रुततो. उतरण्याआधी वल्हे टोचून बघायचे. एक हात आत गेले तर पुढची जागा शोधायची. पाण्यातून वर आलेल्या जमिनीवर गाळपेर केलेली असते. ते रिकामे माळरान नाही, तिथे पीक उभे असते. तंबू बांधाच्या पलीकडे, मालकाला विचारून. धरणाच्या भिंतीजवळच्या भागात जाऊच नये, आणि बाकी ठिकाणी जायच्या आधी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.

धरणाच्या खाली भीमेत वल्हवायचा विचार करणाऱ्यांना आम्ही सरळ नको म्हणतो. विसर्ग वाढला की वाळूचे बेट रात्रीतून पाण्याखाली जाते. त्याहून वाईट म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. वरून नुसती पाण्याची सपाट रेघ दिसते, पण पाणी सांडते त्या पायथ्याशी ते उलटे फिरत राहते आणि बोट, माणूस, ओंडका काहीही पुन्हा-पुन्हा भिंतीकडे ओढते. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यातून सुटेलच असे नाही.

मुक्कामाला मुरमाड उंचवटा निवडावा. काळ्या मातीत कोरडेपणी खुंटी जात नाही आणि ओली झाली की राहत नाही. तंबूचे दार वाऱ्याकडे नको, आणि बोट पाण्यापासून दूर, पालथी घालून झाडाला बांधलेली. रात्री वाऱ्याने गेलेली बोट सकाळी मिळत नाही. उसाच्या फडाला लागून राहू नये : रानडुकरे असतात, आणि करमाळ्याच्या बाजूला बिबट्याही आढळला आहे. तंबूची चेन कायम बंद, बूट झटकून घालायचे. फुरसे आणि घोणस आपल्या भागातच आहेत. शौचाला पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती. भांडीही तेवढ्याच अंतरावर. चूल पेटवण्यापेक्षा छोटा गॅस बरा. उसाचे पाचट आणि वाळलेले गवत एका ठिणगीचे असते.

पाण्याबाबत मात्र तिकडच्या पुस्तकी सल्ल्यावर जाऊ नका. कॅनडात तळ्याचे पाणी गाळून किंवा उकळून पितात. उजनीत पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेतून येते. उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. हिरवा तवंग धरतो तेव्हा त्यातले विषही उकळून जात नाही. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी घरून न्यायचे : माणशी दिवसाला पाच लिटर. दोघांना दोन रात्रींसाठी वीस लिटरचा एक जार आणि वर दहा लिटर, म्हणजे तीस किलो. हे वजन तळाला, मध्यावर.

जेवणात मात्र सोलापूरकर कुणालाही हार जाणार नाही. कडक भाकरी बोटीच्या प्रवासासाठीच जन्मली आहे : दिवसेंदिवस टिकते, इंधन मागत नाही आणि डब्यात कचरा उरत नाही. एका माणसाला दिवसाला तीन-चार भाकऱ्या, मूठभर शेंगाची चटणी, कांदा, गूळ. रात्री पिठले, किंवा थंडीत हुलग्याचे माडगे. फक्त भाकरी हवाबंद डब्यात हवी. दमट हवेत ती चिवट होते.

अंथरूण-पांघरुणाचे सांगताना जीव थोडा खाली-वर होतो, पण सांगतो. सोलापुरी चादर घरी कितीही प्रिय असली तरी सुती आहे. भिजली की दुप्पट जड होते, ऊब देत नाही आणि जानेवारीत दिवसभर वाळत नाही. न्यायचीच तर तोंड तीन वेळा गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत. त्यापेक्षा धनगरी घोंगडी न्यावी. लोकर ओली असतानाही बरीच ऊब धरते, आणि खाली अंथरली की जमिनीचा गारवा वर येत नाही.

पाण्यातली उघडी बेटे मुक्कामाला मोह घालतात. फेब्रुवारी ते मे तिथे उतरू नये. नदीसुरय आणि पाणभिंगऱ्या हे पाणपक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतात, ती खड्यांसारखी दिसतात आणि पायाखाली जातात. पक्षी उठले आणि डोक्यावर ओरडत फिरू लागले तर ऊन त्या अंड्यांना दहा-पंधरा मिनिटांतही घात करू शकते. अशा वेळी बोट मागे घेणे एवढेच करायचे. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांपासून दीडशे-दोनशे मीटर अंतर ठेवावे. ते चरायचे थांबून माना वर करून चालू लागले, म्हणजे आपण जास्त जवळ आलो.

आता पुन्हा त्या ओळीकडे. तिच्यात चार गोष्टी असाव्यात : सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी अकरा ते सहा असा दोन वेळांचा ताशी किलोमीटरमधला वेग, झोताचा वेग, वारा कुठल्या दिशेकडून येणार ती दिशा, आणि मेघगर्जनेची शक्यता असल्यास तसा शब्द. भारतीय हवामान विभागाचे अंदाज उपलब्ध असतातच. नोव्हेंबर ते जानेवारी ही ओळ आमच्यासारख्यांच्या कामाची. एप्रिल-मे मध्ये वळवाच्या दिवसांत ती कुगाव, कळाशी आणि आसपासच्या गावांतून रोज पाणी ओलांडणाऱ्यांच्या कामाची. तेव्हा ती थोडी ठळक अक्षरांत छापावी. पूर्व-पश्चिम न लिहिता ‘इंदापूरकडून’, ‘करमाळ्याकडून’ असे लिहिले तर नावेवाल्यालाही एका नजरेत कळेल, आणि धक्क्यावरच्या टपरीवर कात्रण चिकटवता येईल. जून ते सप्टेंबर ती छापली नाही तरी चालेल. त्या दिवसांत वल्ह्याची बोट फुगवट्यावर नेऊच नये.

आपले,
उजनीवर वल्हवणारे काही सोलापूरकर
सोलापूर